बिनडागाची झूल

मला घोड्यांची किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. घोडा म्हटलं की लोकांना आयाळ दिसते, दौड दिसते. मला लीद दिसते. लहानपणी आमचं घर तबेल्याच्या वरच होतं. बाबा कोळशाची गाडी हाकायचे, घोडे खाली बांधलेले असायचे, आणि त्यांच्या मुताचा वास लाकडी जमिनीच्या फटींतून वर यायचा तो थेट आमच्या अंथरुणात. शाळेत माझ्या शेजारी बसायला कोणी तयार नसायचं. मोठी झाल्यावर मी कपडे धुण्याचा धंदा काढला तो काही उगीच नाही. माणसाच्या अंगातून निघणारी सगळी घाण रोज माझ्या हाताखालून जाते, शी, काय काय ते विचारूच नका. पण निदान ती साबणाला ऐकते.

माझा धाकटा भाऊ त्याच वासात वाढला. तो फोटोग्राफर झाला आणि स्वच्छतेच्या मागे लागला. मागे लागला म्हणजे हात धुऊनच मागे लागला. गल्लीत त्याला टापटीप म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि त्याला वाटतं कौतुक चाललंय. पुढे स्टुडिओ, मधे घर, मागे अंगण. घरात नळ वापरला की पुसून कोरडा करायचा. चपला एका रेषेत लावायच्या. सकाळी पलंगावर पांढरी चादर ताणून घातली की रात्रीपर्यंत त्यावर कोणी पाठ टेकायची नाही, कारण चादर चुरगळते. स्वतः रात्री दिवे घालवून, डोळ्यांवर पट्टी बांधून असा घोरतो की दुकानाचं शटर ओढल्यासारखं वाटावं. भावजय बिचारी त्याच्यानंतर सगळं आवरून झोपणार आणि उजाडायच्या आत उठणार. दुपारी तिला पेंग आली तर ती ओट्याला कंबर टेकते आणि उभ्या उभ्याच डोळे मिटते, हातात फडकं तसंच. एकदा मी गेले तेव्हा चहा उतू जाऊन शेगडी विझली होती तरी तिला पत्ता नव्हता. मी हाक मारली तर दचकून पहिलं काय केलं असेल? शेगडी पुसली.

आणि ही घोडी. पिठी. नावासारखीच पांढरीफेक. माझ्या भावाने ती फोटोंसाठी आणली. नवरा-नवरी, वाढदिवसाची पोरं, साबणाच्या जाहिराती, ज्याला त्याला पांढऱ्या घोडीशेजारी उभं राहून फोटो हवा. धंदा जोरात चालला. पण पांढरं जनावर रात्री खाली बसतं, स्वतःच्याच लिदीत लोळतं, आणि सकाळी कुशीवर हिरवट पिवळा नकाशा घेऊन उठतं. तो डाग कसा असतो ते मला विचारा. दर सोमवारी भावजय पिठीची झूल धुवायला आणायची. एक बाजू लिदीने कडक झालेली, तिला केस चिकटलेले, आणि वर तो लहानपणीचा वास. मी ती चिमट्याने उचलायची आणि घोडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भिजत घालायची.

मग मधे केव्हातरी झूल स्वच्छ यायला लागली. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची. बोलून दाखवलं नाही, उगीच दृष्ट लागायची.

गेल्या सोमवारी भावजय आली, गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "वन्सं, पुढच्या आठवड्यापासून झूल येणार नाही."

"का गं? माझ्यापेक्षा टापटीप कोणी भेटलं की काय तुझ्या नवऱ्याला?"

"पिठीला नेणार आहेत. आज दुपारी ट्रकवाला येतोय."

तो ट्रकवाला आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. निकामी जनावरं तो नेतो. कुठे नेतो हे कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही.

"झालंय काय तिला?"

"पडते," भावजय म्हणाली. "उभी असते आणि एकदम गुडघ्यांवर येते. परवा एक नवरदेव बसला होता. सूट घालून, ऐटीत. ही पुढे कोसळली आणि तो मानेवरून घसरत थेट कुंडीत. केवढा तमाशा झाला! हे म्हणतात गुडघे गेले तिचे, आता ठेवून काय करायची."

नवरदेव कुंडीत म्हटल्यावर मला हसूच आलं. पण ती हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि बोलता बोलता तिची पापणी जड होत होती. मी तिला स्टूल दिलं आणि गाठोडं सोडलं.

वर पायांना बांधायच्या पट्ट्या होत्या. पांढऱ्या. आतून रक्त वाळलेलं, पू वाळलेला, त्यात केस. ई! रक्ताच्या जागेवरून जखम पुढच्या बाजूची होती, खुराच्या वरच्या सांध्यावर, जिथे पाय पुढे दुमडून जमिनीवर घासला तरच लागेल. मग खालची झूल काढली. उलटी केली, सुलटी केली. डाग नाही. केस नाही. नाकाला लावली. लिदीचा वास नाही, मुताचा नाही, नुसतं फिनेल.

आणि मला बाबांचा काळ्या आठवला.

काळ्या आमचा सगळ्यात दांडगा घोडा. एका हिवाळ्यात त्याला दुसऱ्याच्या अरुंद तबेल्यात ठेवावं लागलं होतं, आणि तिथल्या माणसाने त्याला आखूड बांधला. महिन्याभरात काळ्या भर रस्त्यात कोळशासकट गुडघ्यांवर आला. त्याच्याही सांध्यांवर अशाच जखमा होत्या. लोक म्हणाले, घोडा संपला. बाबांनी त्याला घरी आणून मोकळा सोडला, खाली हातभर गवत टाकलं. काळ्या आडवा झाला तो मेल्यासारखा झोपला. आम्ही दोघं भावंडं फटीतून बघत होतो. बाबा म्हणाले, "उभ्याने घोडा नुसता पेंगतो रे. पाय कुलूप लावल्यासारखे अडकवतो आणि पेंगतो. खरी झोप त्याला आडवं पडल्यावरच लागते. थोडीच लागते, पण ती मिळाली नाही की झोप त्याला उभ्यानेच गाठते, आणि मग तो कोसळतो."

मी झूल खाली टाकली. "ती आडवी कधी पडते?" मी विचारलं.

भावजय पदराने काउंटर पुसायला लागली.

"अगं बोल ना! पिठी आडवी कधी पडते?"

"पडत नाही," ती म्हणाली. "हे पडू देत नाहीत. तोंड वर करून आखूड बांधतात. डाग पडतात ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं बोलणं आम्ही दोघांनी एकाच फटीतून ऐकलं होतं! मी फोन लावला. तो कुठल्यातरी शूटिंगवर होता, मागे कोणी तरी "हसा, हसा" म्हणत होतं.

"घोडे उभ्यानेच झोपतात, ताई," तो म्हणाला. "सगळ्या जगाला माहीत आहे."

"काळ्या विसरलास?"

"तू मधे बाबांना आणू नकोस. बाबांच्या अंगाला कसला वास यायचा ते तू विसरलीस का?"

"आज ट्रक परत पाठव. तिला एकदा पोटभर झोपू दे आणि मग बघ गुडघे गेलेत का ते."

"लिदीत लोळवू तिला? उद्या गिऱ्हाईक आलं तर काय दाखवू?"

"मेल्या, उद्या ती असणारच नाहीये ना!"

"नवी आणतोय," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

नवी आणतोय! तिलाही तसंच बांधणार, तिचेही गुडघे फुटणार, आणि हा पट्ट्या बांधून फोटो काढणार. मला त्याची इतकी शिसारी आली की तोंड धुवावंसं वाटलं. या माणसाचं नाक मी पुसलंय लहानपणी.

मी दुकान बंद केलं. लोक कपडे टाकून जातात आणि वर्षानुवर्षं न्यायला येत नाहीत. तसल्या रजया, मखमली पडदे, चादरी असा ढीग माळ्यावर पडून होता. तो सगळा हातगाडीवर लादला आणि भावजयीला म्हटलं, "चल."

भावाच्या अंगणातला तबेला मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. मला वाटलं होतं नाक धरून आत जावं लागेल. आत गेले आणि उभीच राहिले. खाली पांढऱ्या फरश्या. भिंतींनाही पांढऱ्या फरश्या. जमिनीवर गवताची एक काडी नाही, कारण ती आयाळीत अडकते. मोरीची जाळी चकचकीत. फिनेलचा असा भपकारा की डोळ्यांना पाणी आलं. आणि मधे ती, तोंडावरच्या म्होरकीला दोर, दोर भिंतीवरच्या उंच कडीला, इतका आखूड की तोंड छातीपर्यंतसुद्धा येऊ नये. खालचा ओठ लोंबत होता, डोळे अर्धे मिटलेले. ती पुढे मागे झुलत होती. आमच्या देखत तिची मान जड झाली, गुडघे मोडले, पाय पुढे दुमडले आणि खरखर करत फरशीवर घासले. दोर ताणला, म्होरकी गालात रुतली, आणि ती धडपडत पुन्हा उभी राहिली. डोळे पांढरे झाले होते. पट्टीतून ताजं रक्त आलं.

"अशी दिवसातून किती वेळा?" मी विचारलं.

"मी पुसते ना रक्त," भावजय म्हणाली, जसं काही मी फरशीबद्दलच विचारलं होतं.

लीद पाहून मला आयुष्यात कधी मळमळलं नसेल इतकं त्या स्वच्छ फरश्या पाहून मळमळलं. खरंच उमासा आला. बाहेर जाऊन थुंकून आले, अंगणाच्या मधोमध, मुद्दाम.

मग दोर सोडला. गाठ अशी आवळलेली की नखं तुटली माझी. बाहेर खायला ठेवलेलं सुकं गवत होतं तेवढं सगळं फरशीवर पसरलं, त्यावर रजया, त्यावर कोणाच्या तरी दिवाणखान्याचे मखमली पडदे. पिठीने तोंड खाली केलं. किती दिवसांनी केलं असेल कोण जाणे. पडदे हुंगले. गोल फिरली. पुढचे गुडघे जरा वाकवले, थांबली, आणि पुन्हा ताठ. पुन्हा फिरली, पुन्हा वाकली, पुन्हा ताठ. सारखी दाराकडे बघायची.

ट्रक कधीही आला असता. "अगं पड ना गं बाई!" मी ओरडले. "एवढा मखमलीचा बिछाना घातलाय, आता काय अंगाई म्हणू?"

घोडी आणखीच बिचकली.

"वन्सं, तुम्ही ओरडू नका," भावजय म्हणाली. "ती एकटी आहे ना. एकट्याने कशी पडणार?"

ते मी विसरलेच होते. बाबांचे घोडे सगळे एका वेळी कधी आडवे व्हायचे नाहीत. एक उभा राहायचा, कान टवकारून, तेव्हाच बाकीचे पाय मोकळे करायचे. मी काही घोडा नव्हे, आणि माझ्या अंगाला सोड्याचा वास. माझ्यावर ती कशाला विश्वास ठेवेल? भावजय मात्र तिला रोज चारा घालायची. ती पुढे झाली, दाराच्या चौकटीला कंबर टेकली, जशी ओट्याला टेकते तशी, आणि तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटले.

पिठी तिच्याकडे बघत राहिली. मग आधी शेपूट उचलून भलीमोठी लीद टाकली, थेट मखमलीवर. वाफाळती! आणि मग पुढचे पाय दुमडले, मागचा भाग धप्पकन टाकला, आणि बसली ती नेमकी त्यातच. एवढा बिछाना रिकामा, पण नाही. जरा वेळ मान वर धरली, मग मानही टेकली, आणि शेवटी एका कुशीवर सरळ आडवी झाली, चारही पाय लांब करून. एक सुस्कारा सोडला. असा की बाईमाणसाच्या तोंडून निघाला असता तर शेजारीपाजारी धावत आले असते.

आणि मग जे सुरू झालं! घोरणं काय, कण्हणं काय. ओठ थरथरत होते, त्यातून लाळेचा दोर पडद्यावर उतरत होता. पापण्यांखाली डोळे फिरत होते. पाय हवेत झाडत होती, कुठे पळत होती देव जाणे. मधूनच वारा सरला, तोही दणदणीत. मी नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात उभी. एक पेंगते उभ्याने, एक घोरते लिदीत, आणि दोघींचा पहारा करायला कोण, तर मी!

इतक्यात ट्रक आला.

ट्रकवाला कानात काडी फिरवत आत आला. काडी बाहेर काढून बघितली, शर्टाला पुसली, पुन्हा कानात घातली. शी! तो भावजयीच्या खांद्यावरून डोकावला. पिठी नेमकी तेव्हाच लांब कण्हली आणि तिने मागचा पाय झाडला.

"अरे तिच्यायला," तो म्हणाला. "ही तर चालली."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग रुमाल डोळ्यांकडे नेला. "बघा ना," मी म्हटलं, "कशी पाय झाडतेय."

"आडवं पडलेलं जनावर मी नेत नाही. आपल्या पायांनी ट्रकमधे चढलं तरच नेतो. वाटेत मेलं तर निस्तरायचं कोणी?"

"खरं आहे तुमचं," मी म्हटलं.

तो वळला तेवढ्यात माझा भाऊ अंगणात आला. ट्रकवाल्याने त्याला सांगितलं, तुमची घोडी गेल्यात जमा आहे. भाऊ धावत आला. घोडी आडवी, जीभ बाहेर, पाय झाडतेय. त्याचा चेहरा बघून मला एक क्षण वाटलं, आता रडेल. कुठेतरी आत अजून फटीतून बघणारं पोर शिल्लक असेल. तो खाली वाकला, तिच्या कुशीकडे बघितलं, आणि म्हणाला, "अगं ताई, डाग!"

घोडी मरतेय असं ऐकून आलेला माणूस, आणि त्याला दिसला डाग.

"मरत नाहीये ती," मी म्हटलं. "झोपलीय. आता कळलं ना?"

कळलं. म्हणून तर त्याने लगेच ओरडून ट्रकवाल्याला थांबवलं आणि बादली उचलली. "उठवतो तिला. उठली की चढवू."

दारात भावजय होती. तिने डोळे उघडले होते.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"नाही होत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्यासमोर "हो" सोडून दुसरं काही म्हणताना ऐकलं नव्हतं.

"अगं, ट्रक थांबलाय."

"थांबू दे नाहीतर जाऊ दे. ती झोपलीय." ती हळूच बोलत होती, घोडीला जाग येऊ नये म्हणून. "तिची झाली की मी झोपणार आहे. आपल्या पलंगावर. दिवसाढवळ्या."

"काहीतरी काय बोलतेस? चादर..."

"चुरगळू दे."

तो बादली घेऊन उभा. पाणी त्याच्या बुटांवर सांडत होतं आणि पुसायचं त्याला सुचत नव्हतं. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, एक शिवी हासडली आणि गाडी काढली. भावजय चौकटीला तशीच उभी होती. भाऊ आत गेला नाही. एवढ्याशा बाईला बाजूला सारायला कितीसा जोर लागला असता? पण गेला नाही.

पिठी उठली ती आपली आपण. आधी पुढचे पाय रोवले, मग एका हिसक्यात सगळी उभी. अंग झाडलं, लीद माझ्या तोंडावर उडाली. शी, शी, शी! कुशीपासून मांडीपर्यंत तो हिरवट पिवळा नकाशा, कानात गवत, गालावर मखमलीचं सूत. ती भावजयीजवळ चालत गेली. अडखळली नाही. गुडघे गेले म्हणे!

"बघितलंस?" मी भावाला म्हटलं.

तो भिंतीवरच्या कडीकडे बघत होता. दोर मी केव्हाच हातगाडीवर टाकला होता. दुकानात येऊन भट्टीच्या जाळात घातला.

आज सोमवार. भावजय आली नाही. गाठोडं भाऊच घेऊन आला, हात लांब करून, नाक बाजूला करून. काउंटरवर ठेवलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "नवी घोडी नको म्हणून कळवून टाकलं मी," आणि गेला. मी गाठोडं सोडलं. झुलीची एक बाजू लिदीने कडक, केस चिकटलेले, वास तोच. मी चिमटा घेतला. खाली चादर होती, चुरगळून बोळा झालेली. आणि उशीचा अभ्रा. अभ्र्यावर एका बाजूला लाळेचा ओघळ वाळलेला, चांगला तळहाताएवढा. तोंड उघडं टाकून, गाढ झोपलेल्या माणसाचा.

शी! काय ती घाण. झूल एका बादलीत, चादर नि अभ्रा दुसऱ्या, असं भिजत घातलं आणि साबण जास्तच टाकला.